सव्वा गुंठ्यातले दोन हिवाळे : आडगावजवळच्या एका परसबागेचं प्रकरण

२८ डिसेंबरला सकाळी सव्वासातला काकूंचा फोन आला. "अगं, टोमॅटोची पानं काचेसारखी झालीत. हात लावला की मोडतायत. जमलं तर ये ना जरा." मी नाशिकरोडला राहते, काका-काकूंचं घर आडगाव ओलांडून ओझरच्या अंगाला आहे. घरातलं उरकून पोचेपर्यंत दहा वाजले. तोवर ऊन वर आलं होतं आणि सकाळची ती काचेसारखी पानं काळी पडून लोंबत होती, कुणी उकळतं पाणी ओतावं तशी. तीस टोमॅटो, बारा वांगी, दहा मिरच्या. काका पायरीवर बसले होते, शेजारी नुकतीच विकत आणलेली बुरशीनाशकाची पुडी. दुकानदारानं फोटो बघूनच करपा सांगितला होता.

हे प्रकरण तपशिलात लिहिता येतंय ते काकूंच्या वहीमुळे. काय कुठे कधी पेरलं, किती निघालं आणि त्याचं त्या दिवशी काय शिजवलं, हे त्यांनी दोन्ही हिवाळे नेमानं टिपलं आहे. आणि लिहावंसं वाटलं, कारण मुंबई-ठाण्याकडून निवृत्तीनंतर नाशिकला येऊन बंगला बांधणारी मंडळी हीच चूक दरवर्षी करताना मी बघते. मेहनत कमी पडत नाही त्यांची. इथली रात्र त्यांच्या ओळखीची नसते.

जागा

काका-काकू डोंबिवलीत तीस वर्षं राहिले. खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंड्या, त्यात टोमॅटो, मिरची, पुदिना. तिथे समुद्र रात्रीचा गारवा फार खाली जाऊ देत नाही, त्यामुळे 'हिवाळा म्हणजे टोमॅटोचा हंगाम' हा त्यांचा अनुभव तिथे शंभर टक्के खरा होता. नाशिक समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी, आभाळ निरभ्र, वारा पडलेला. दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो आणि पहाटे गोधडीतून हात बाहेर काढवत नाही. नाशिकच्या जुन्या नोंदींत ७ जानेवारी १९४५ ला ०.६ अंश तापमान आहे. निफाडचा गारठा तर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असतो, कारण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा थंडीच्या दिवसांत रोज पेपरात येतो.

त्यांचा प्लॉट तीन गुंठ्यांचा, त्यात घराच्या मागे सव्वा गुंठा बाग. जमीन घरापासून मागच्या नाल्याकडे हलकी उतरती. शेवटी सहा फुटांची पक्की कंपाउंड भिंत, तिला खाली एकही झरोका नाही. खालच्या कोपऱ्यात माती खोल आणि काळी, वर घराच्या दक्षिण भिंतीलगत मुरमाड. काकांनी सरळ हिशेब केला: टोमॅटो-वांग्यांना चांगली माती हवी, म्हणून ती खाली. मेथी-पालक कुठेही येतात, म्हणून ती वर. दसऱ्याच्या आठवड्यात सगळी लागण एकदम उरकली. पाणी वाचावं म्हणून खालच्या आणि मधल्या वाफ्यांत वीतभर जाड उसाचं पाचट पसरलं. उन्हाळ्यासाठी हा सल्ला उत्तम आहे, मी स्वतः कित्येकांना दिला आहे.

नोव्हेंबरात त्यांनी भेंडी आणि गवारही पुन्हा टोकली होती. वहीत नुसतं लिहिलंय, 'उगवली नाही, उकरून पाहिलं, बी कुजलं.' जमीन पंधरा-सोळा अंशांच्या खाली गेली की या बियांचं असंच होतं. हा पहिला इशारा होता, पण बियाणं जुनं असेल म्हणून सोडून दिला.

पाहणी

करपा की थंडी, हे ठरवायला अर्धा तास पुरला. करप्याचे डाग एका रात्रीत साऱ्या बागेत उमटत नाहीत. तो कुठेतरी खालच्या पानांवर सुरू होतो, डागाभोवती पिवळट कडा दिसते, दमट हवेत पानाखाली पांढुरकी बुरशी धरते आणि मग दिवसागणिक पसरतो. इथे काल संध्याकाळपर्यंत हिरवंगार होतं. शिवाय काळं पडलं होतं ते फक्त वरचं, आभाळाला उघडं असलेलं पान. त्याच झाडावर मोठ्या पानांच्या सावलीत दडलेली पानं धडधाकट होती.

मग काकूंनीच एक गोष्ट दाखवली. पश्चिमेच्या बाजूला एक शेवगा आहे. त्याच्या फांद्यांखाली आलेली पाच वांगी आणि दोन मिरच्या यांना काहीच झालं नव्हतं. वाफा तोच, माती तीच, पाणी तेच. फरक एवढाच, की त्यांच्या डोक्यावर छप्पर होतं.

निरभ्र रात्री जमीन आणि पानं दिवसभर साठवलेली उष्णता आभाळाकडे टाकत राहतात. ढग असले तर त्यातली काही परत येते. ढग नसले, वारा नसला तर पान भोवतालच्या हवेहूनही गार होतं. म्हणून भिंतीवरचा तापमापक चार-पाच अंश दाखवत असतानाही पानावर दहिवर गोठू शकतं. पानातलं पाणी गोठून पेशी निकामी होतात. पहाटे पान काचेसारखं दिसतं, ऊन लागलं की वितळून काळं पडतं. शेवग्याच्या विरळ पाल्यानं ती वाट अडवली आणि तेवढं पुरलं.

बुरशीनाशकाची पुडी काकांनी परत नेली. दुकानदारानं कुरकुर न करता पैसे दिले.

पण सगळा उलगडा त्यानं होत नव्हता. वरची मेथी-पालक तशीही थंडीची पिकं, ती टिकली यात नवल नाही. वर घराशेजारी मात्र काकूंनी हौसेनं कुंडीत लावलेली दोन टोमॅटोची झाडं होती, तीही आभाळाला उघडीच, आणि त्यांचं एकही पान काळं नव्हतं. दुपारी मी भद्रकालीतून तीन साधे किमान-कमाल तापमापक आणले. एक घराच्या दक्षिण भिंतीशी, एक बागेच्या मध्ये, एक खालच्या कोपऱ्यात, तिन्ही जमिनीपासून हातभर उंचीवर. दुसऱ्या दिवशी पहाटेचे आकडे वहीत आहेत: भिंतीशी ८, मध्ये ५, खाली २. जेमतेम पंचवीस पावलांत सहा अंश. पुढचे चार दिवसही फरक असाच राहिला, एखादा अंश इकडेतिकडे.

थंड हवा जड. ती पाण्यासारखी उतारानं वाहते. भिंत नसती तर ती नाल्यात उतरून गेली असती. भिंतीनं तिला अडवून कोपऱ्यात तळं साचवलं होतं, आणि त्या तळ्याच्या तळाशी आम्ही टोमॅटो लावले होते.

नानांचं म्हणणं

भिंतीपलीकडे द्राक्षबाग आहे. तिचे मालक, सगळे त्यांना नाना म्हणतात, त्या आठवड्यात रात्री बागेतच असायचे. मण्यांची फुगवण चालू असताना गारठा वाढला की फुगवण थांबते. म्हणून पहाटे दोन-तीनला मोटर सुरू करून बागेला पाणी, आणि बांधाबांधांवर शेकोट्या. विहिरीचं पाणी थंडीत हवेपेक्षा कितीतरी कोमट असतं, पाटातून वाफा निघताना दिसतात. ओली जमीन कोरडीपेक्षा जास्त ऊब धरून ठेवते आणि पहाटेपर्यंत सोडत राहते.

नाना भिंतीवरून वाकून पाहत होते. म्हणाले, "काकू, पाचट अगुदर उचला. दिवसभर ऊन खातंय कोण? पाचट. जमीन खालनं गारच. आणि जी काय ऊब तिच्यात हाय, ती बी वर यिऊ देत न्हाई. मंग रातच्याला पानाला देणार कोण?"

मला हे पुस्तकी भाषेत माहीत होतं, पण या बागेत ते घडत असताना माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. मी चुकले, कारण आच्छादन चांगलंच असतं हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्याच संध्याकाळी आम्ही मधल्या वाफ्यातलं निम्मं पाचट काढलं, निम्मं ठेवलं. तीन दिवसांनी पुन्हा गारठा वाढला. उघड्या, ओलवलेल्या मातीवरच्या पालकावर सकाळी दव होतं. पाचटावरच्या पालकावर पांढरी साय. पालकाला त्यानं काही झालं नाही, तो ऊन लागताच सावरला. पण तिथे टोमॅटो असता तर गेला असता.

काळी पडलेली पानं लगेच छाटू नका, हेही नानांचंच सांगणं. गारठा संपेपर्यंत तीच खालच्या फांद्यांची गोधडी. काकूंना ती रोज बघवत नव्हती, तरी त्यांनी कात्री लावली नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काळ्या पडलेल्या बारापैकी नऊ वांग्यांना बुंध्यातून नवे कोंब आले. टोमॅटो मात्र चार सोडता सगळे गेले.

दोन बादल्या कच्चे टोमॅटो

आता स्वयंपाकघर. बागेचं प्रकरण लिहिताना हा भाग शेवटच्या दोन ओळींत गुंडाळतात. मला ते पटत नाही. परसबाग पोटासाठी असते, आणि नुकसान किती झालं हे अखेर चुलीपाशीच कळतं.

त्या दिवशी दुपारी आम्ही लोंबणाऱ्या झाडांवरून सगळी फळं उतरवली. दोन बादल्या भरल्या. पाच-सहाच लालसर, बाकी हिरवी. काकू फेकायलाच निघाल्या होत्या. खाली फरशीवर पसरून त्यांचे तीन ढीग केले.

पहिला ढीग गारठा लागलेल्यांचा. सालीवर पाणी मुरल्यासारखे अर्धपारदर्शक चट्टे. ही फळं दोन दिवसांत सडतात, म्हणून त्याच दिवशी वापरायची. दुसरा ढीग पूर्ण वाढलेल्या हिरव्यांचा: साल तकतकीत, बुडाशी पांढुरकी झाक. एक फळ चिरून बघायचं. सुरीखालून बिया निसटल्या आणि भोवती गर चिकट झालेला असला तर तेवढी फळं घरात पिकतात. सुरीनं बियाच कापल्या गेल्या तर फळ कोवळं आहे, कितीही ठेवलं तरी पिकणार नाही. तो तिसरा ढीग.

दुसऱ्या ढिगाची आढी लावली. माळ्यावरच्या खोक्यात, खाली-वर तेच वाफ्यातून काढलेलं पाचट, उन्हात कडकडीत वाळवून. मध्ये दोन पिकली केळी, त्यांच्यातून निघणाऱ्या वायूनं टोमॅटो लवकर धरतात. टोमॅटोला दहा-बारा अंशांच्या खाली रंग चढत नाही, त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत आणि थंडीत ओट्याखालच्या गार फरशीवरही नाही. माळ्यावर दिवसभराची स्वयंपाकाची ऊब साचते. १५ जानेवारीपर्यंत रोज चार-पाच लाल टोमॅटो निघत राहिले. चव झाडावर पिकलेल्याची नव्हती, पण आमटी-साराला छान चालले.

पहिल्या आणि तिसऱ्या ढिगाची चटणी. काकूंच्या वहीतलं प्रमाण देते: अर्धा किलो कच्चे टोमॅटो, सहा हिरव्या मिरच्या, दहा लसूणपाकळ्या, अर्धी वाटी भाजलेले शेंगदाणे, दोन चमचे तीळ, चमचाभर जिरं, सुपारीएवढा गूळ, मीठ. टोमॅटोच्या जाड चकत्या करून लोखंडी तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजायच्या. झाकण ठेवायचं नाही. गारठा लागलेल्या फळात पाणी सुटलेलं असतं, झाकण ठेवलं तर ती शिजून लगदा होते आणि चटणीला उग्र वास येतो. त्याच तव्यावर मिरच्या आणि लसूण. मग खलबत्त्यात आधी शेंगदाणे-तीळ-जिरं, नंतर मिरची-लसूण, शेवटी टोमॅटो, जाडसरच. मिक्सरमध्ये करायची तर थांबत थांबत फिरवावी, तिचं पातळ वाटण होता कामा नये. बाजरीच्या भाकरीबरोबर ही चटणी आणि वर कच्चं तेल. काका त्या दुपारी सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी बोलले, "अजून एक भाकरी टाक."

मिरच्यांची फळं शाबूत होती, त्यांचा ठेचा झाला.

भोगी

१३ जानेवारीला भोगी. पहिल्या हिवाळ्याची परीक्षा म्हणावी तर ती हीच. काकूंची इच्छा होती की नाशिकमधली पहिली भोगीची भाजी सगळी घरच्या बागेतली असावी. वही सांगते की निम्मीच झाली. गाजरं घरची. वांगी शेवग्याखालच्या झाडांची, लहान लहान आठ. वालपापडी घराच्या कुंपणावर चढलेल्या वेलाची, मूठभरच, कारण गारठ्यात फुलं गळली होती. लसणाची पात घरची. सोलाणे, मटार, बोरं गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून आधीच आणून ठेवलेली.

गाजरांबद्दल सांगायलाच हवं. डोंबिवलीत आणि इथे बाजारातून आणलेलं गाजर त्यांनी आयुष्यभर खाल्लं, पण खालच्या कोपऱ्यातलं, दोन अंशांच्या पहाटा सोसलेलं गाजर वेगळंच होतं. थंडी पडली की गाजर, पालक, कोबी आपल्यातल्या पिष्टाची साखर करतात. साखर विरघळलेलं पाणी गोठायला जास्त थंडी लागते, म्हणजे ती त्यांची स्वतःची तजवीज असते आणि आपल्याला गोडी मिळते. ज्या कोपऱ्यानं टोमॅटो मारले, त्यानंच हे गाजर दिलं. काकूंनी त्या दिवशी भाजीत गूळ घातला नाही.

भाजी त्यांनी अशी केली. तेलात मोहरी, जिरं, हिंग, भरपूर लसूणपात. आधी भिजवलेले शेंगदाणे आणि सोलाणे, थोडं पाणी, झाकण. ते अर्धे शिजले की गाजर आणि वालपापडी. वांगी त्यानंतर, मटार आणि बोरं शेवटी. काळा मसाला, चिंचेचा कोळ, मीठ. उतरवताना भाजलेल्या तिळाचं कूट, ते आधी घातलं तर तळाला लागतं आणि कडवट होतं. बरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाच्या डाळीची खिचडी. खिचडी खाताना काका एकदम म्हणाले, "पुढच्या वर्षी गाजर खाली आणि टोमॅटो वर. सगळं उलटं करू." पुढच्या हंगामाचा आराखडा त्या ताटावर ठरला.

दुसरा हिवाळा

भिंतीचं काम मे महिन्यातच करून घेतलं. खालच्या कोपऱ्यात, जमिनीलगत, तीन ठिकाणी विटा काढून फूटभर रुंदीचे झरोके पाडले. सापाच्या भीतीनं त्यांना बारीक जाळी. गवंड्याला कारण सांगितलं तेव्हा त्यानं दोनदा विचारलं, पाण्यासाठीच ना? हवेसाठी, म्हटल्यावर तो हसला आणि काम नीट करून गेला. दुसऱ्या डिसेंबरात खालच्या आणि वरच्या तापमापकातला फरक सहावरून तीन-चारवर आला. नाल्याकडचा कोपरा तो, गार राहणारच.

टोमॅटोची रोपं ऑगस्टअखेर टाकली, सप्टेंबरअखेर दक्षिण भिंतीलगत लावली. मुरमाड जागेत दोन फूट रुंद चर खणून तिच्यात खालची काळी माती आणि शेणखत भरलं. तीसऐवजी बाराच झाडं. घाई यासाठी, की रात्र सतत बारा-तेरा अंशांच्या खाली जाऊ लागली की टोमॅटोचा पराग नीट तयार होत नाही आणि फुलं गळतात. फळं त्याआधी धरलेली हवीत. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ती धरली, मग थंडीत सावकाश वाढत राहिली. भिंत दिवसभर ऊन पिऊन रात्री ऊब सोडते. कडाक्याच्या रात्री बांबूच्या कमानींवर काकूंच्या जुन्या सुती साड्या, पानाला टेकणार नाहीत अशा, आणि सकाळी आठला काढायच्या. प्लॅस्टिकचा कागद मी सांगत नाही. तो पानाला चिकटला तर तेवढं पान जळतं, आणि सकाळी काढायचं राहिलं तर आतलं झाड उकडतं.

खाली गाजर, मुळा, बीट, कोबी, पालक, लसूण, आणि कडेनं हरभऱ्याच्या दोन ओळी. थंडीत खाली पाचट नाही. ते फेब्रुवारीत, उन्हं तापू लागल्यावर पसरायचं.

मेथीचं वेगळं दुखणं होतं. पहिल्या वर्षी सगळी एकाच दिवशी पेरल्यामुळे आठवडाभर रोज चार जुड्या आणि नंतर काही नाही. वहीत त्या आठवड्याच्या नोंदी वाचताना मलाच थकवा आला: पराठे, पातळ भाजी, मुटके, पुन्हा पराठे. दुसऱ्या वर्षी १० ऑक्टोबरपासून दर दहा दिवसांनी तीन बाय चार फुटांचा एक वाफा. ऑक्टोबरची मेथी अठ्ठावीस दिवसांत काढणीला आली, डिसेंबरात पेरलेलीला चाळीस लागले. हे लक्षात आल्यावर काकूंनी डिसेंबरातले वाफे थोडे मोठे केले, म्हणजे मधली सुटी जाणवत नाही. ही युक्ती त्यांची स्वतःची, मी सांगितलेली नाही, आणि आता मी ती इतरांना सांगते.

चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होता. चातुर्मासभर बंद असलेली वांगी आणि कांदा त्या दिवशी सुटतात, आणि दोन्ही बागेतून आलं. फेब्रुवारीत पुन्हा फुटलेली ती नऊ झाडं काकूंनी पावसाळ्याआधी छाटून, खत देऊन राखली होती. भरताची वांगी त्यांचीच.

एक गोष्ट बिघडली, ती कांद्याची. काकांनी हौसेनं जाडजूड, वयानं जास्त झालेली रोपं आणून ऑक्टोबरच्या शेवटी लावली. लासलगाव-पिंपळगावकडचा कुठलाही शेतकरी सांगेल की अशा जाड रोपाला पुढे थंडी लागली की डेंगळे येतात. झाडाला वाटतं एक वर्ष उलटलं, आणि ते कांदा पोसायचं सोडून फुलाचा दांडा काढतं. निम्म्याहून अधिक कांद्यांना डेंगळे आले. कोवळे होते तोवर काकूंनी ते बारीक चिरून, लसणाच्या फोडणीत परतून, वर बेसन पेरून भाजी केली. पण कांदा घरी पुरला नाही, विकतच आणावा लागला. यंदा रोपं पेन्सिलीहून बारीक घ्यायची असं वहीत लाल शाईनं लिहिलं आहे.

हरभऱ्याचे शेंडे

सगळ्यात जास्त उपयोगी पडल्या त्या कडेच्या हरभऱ्याच्या दोन ओळी. पेरल्यावर महिन्याभरानं, फुलं यायच्या आधी शेंडे खुडायचे. झाडाला फांद्या जास्त फुटतात आणि घरात भाजी येते. हरभऱ्याच्या पानांवर जी आंब असते ती मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाची. सकाळी दवात शेंडे खुडले की बोटं आंबट होतात. म्हणून ही भाजी आमच्याकडे धूत नाहीत, नीट झटकून निवडतात. घरची, फवारणी नसलेली असली तरच हे करावं. विकतची असेल तर धुवावी आणि थोडी चव गेली तर जाऊ द्यावी.

काकूंना डोंबिवलीत ही भाजी माहीत नव्हती. नानांच्या घरून वहिनींनी शिकवली. चिरलेली भाजी, लसूण, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट, वर थोडं बेसन. ओल्या भाजीपेक्षा काकूंना वाळवणाची जास्त आवड लागली. पाच वेळा खुडून जेवढी उरली तेवढी त्यांनी गच्चीवर, जिन्याच्या खोलीच्या सावलीत जुन्या साडीवर पसरली. कडक उन्हात वाळवली तर रंग जातो. चार दिवसांत हातानं चुरली जाऊ लागली. दोन डबे भरले, प्रत्येकात एक लवंग, झाकणावर तारीख.

तो डबा आषाढात उघडला. त्या दिवशी पहाटेपासून झड लागली होती, गंगापूर धरणातून पाणी सोडणार म्हणून काठावरच्या लोकांना इशारा दिला होता, आणि बाजारात पालेभाजी म्हणावी अशी नव्हती. मी पैसे द्यायला म्हणून गेले होते, गच्चीसाठी काकूंनी घेतलेल्या कुंड्यांतल्या चार माझ्याकडे आल्या होत्या. काकूंनी तेलात लसूण आणि सुक्या लाल मिरच्या टाकल्या, मूठभर चुरा परतला, पाणी घालून उकळी आणली आणि बाजरीचं पीठ लावून पातळ भाजी केली. घरभर जानेवारीतल्या शेताचा वास आला. काका खिडकीतून मागे बघत होते. खालच्या कोपऱ्यातल्या तीन झरोक्यांतून बागेतलं पावसाचं पाणी नाल्याकडे चाललं होतं.